एअर फिल्टर कसा बघायचा, साफ करायचा अन बदलायचा (फुफाट्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी)

मागच्या उन्हाळ्यात भाच्यानं सेकंडहँड डिझेल गाडी घेतली आणि पंधरा दिवसात त्याचा फोन, मामा गाडी मांजरसुंब्याच्या घाटात ओढंना गेलीय, मागून काळा धूर सोडायलीय, इंजिन गेलं का काय. मी विचारलं एअर फिल्टर कधी बदललाय, तर म्हणला कालच बदलला की, साडेतीनशे रुपये दिले. म्हणलं फोटो पाठव. फोटो आला तो डॅशबोर्डच्या कप्प्याचा! पठ्ठ्यानं एसीचा फिल्टर बदलला होता. इंजिनचा फिल्टर आधीच्या मालकानं कधी बसवला असेल तो तसाच होता, आणि त्यातून काय काय निघालं ते पुढं सांगतोच.

तर हे सगळं त्याच्यासाठी अन त्याच्यासारख्या नव्या गाडीवाल्यांसाठी लिहायलोय. मी मेकॅनिक नाही. बारा-तेरा वर्षं केज-अंबाजोगाई अपडाऊन करायलोय, त्यातली बरीचशी वर्षं कुठं ना कुठं रस्ता खोदलेलाच होता, आणि आमचे गॅरेजवाले चाचा तोंडानं फटकळ असले तरी विचारलं की सगळं दाखवतात, एवढीच माझी शाळा.

आधी तो गोंधळ मिटवू. बहुतेक गाड्यात हवेचे दोन फिल्टर असतात. एक केबिन फिल्टर म्हणजेच एसीचा, सहसा डाव्या सीटपुढच्या कप्प्याच्या मागं असतो, तो आपल्या नाकासाठी. दुसरा इंजिनचा एअर फिल्टर, बोनेटखाली काळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो, तो इंजिनच्या नाकासाठी. दुकानात नुसतं "एअर फिल्टर द्या" म्हणलं की दुकानदार विचारल्याशिवाय राहत नाही, पण एखादा राहतो, म्हणून तुम्हीच "इंजिनचा" असं म्हणा.

हा करतो काय

पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते अन लई लागते. वजनानं बघितलं तर 1 किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा. हिशोब मांडला तर 1 लिटर पेट्रोल जाळायला 9,000 लिटरच्या आसपास हवा होते. उन्हाळ्यात आपल्या गावाला येतो ना तो दहा हजारी टँकर, तो डोळ्यापुढं आणा, जवळपास तेवढी हवा एका लिटरमागं. टाकी फुल केली की असे तीस-पस्तीस टँकर. डिझेल इंजिन तर गरजेपेक्षा जास्तच हवा ओढत असतंय. आणि ही सगळी हवा वहीच्या आकाराच्या एका घड्या घातलेल्या कागदातून जाते. घड्या कशाला, तर तेवढ्याच जागेत जास्त कागद बसावा म्हणून, उलगडला तर बराच मोठा तुकडा निघतो.

आता आपल्या हवेत काय असतंय ते काय सांगायचं. मुरमाचा फुफाटा, खडी क्रशरची पांढरी भुकटी, सोयाबीनची रास चालू असली की भुसकट, सरकी भरलेल्या गाडीमागं गेलात तर कापसाचे तंतू. यातलं भुसकट अन कापूस दिसायला वाईट पण इंजिनला त्याचा फार त्रास नाही, ते कागदावरच अडकतंय. खरा वैरी बारीक धूळ, कारण धुळीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, अन ती लोखंडापेक्षा कडक. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि पिस्टन रिंग अन सिलेंडरमध्ये तेलाचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच. त्या थरात 10-15 मायक्रॉनचा कण घुसला की तो दोन्हीकडं घासत बसतो. तेल अन बारीक वाळू मिसळली की काय होतं, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट कुणी हातात घेतली असेल त्याला सांगायला नको.

ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे त्यांनी हे बघितलंय. जुन्या ट्रॅक्टरला कागद नसतो, खाली तेलाची वाटी असते, हवा त्या तेलावरून वळून वर तारेच्या जाळीतून जाते, धूळ तेलात बसते. आमचे आबा नांगरटीच्या दिवसात दर दोन-तीन दिवसाला ती वाटी काढायचे, खाली चिखलासारखा गाळ साचलेला असायचा, तो खरवडून नवं तेल खुणेपर्यंत ओतायचे. मला लहानपणी वाटायचं उगी तेल वाया घालवायलेत. आता कारमध्ये वाटी नाही, कागद आहे, पण काम तेच, आणि कारवाला माणूस दोन-दोन वर्षं डबा उघडून बघत नाही.

सहज एक गंमत सांगतो. फिल्टर बनवणारे कारखान्यात त्याची परीक्षा घेतात तेव्हा मोजून धूळ सोडतात, आणि ती धूळ ठरलेली आहे, अमेरिकेतल्या ॲरिझोना वाळवंटाच्या मातीपासून केलेली, आयएसओ 12103 असं त्याचं प्रमाण आहे. आमच्याकडच्या एखाद्या पाणंद रस्त्यावरची नेली असती तरी चाललं असतं.

किती दिवसांनी बघायचा

मॅन्युअलमध्ये बहुतेक 30 ते 40 हजार किलोमीटरला बदला असं लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच वाचतात. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धुळीच्या भागात याच्यापेक्षा लवकर. तो धुळीचा भाग म्हणजे आपणच. समृद्धीनं संभाजीनगर-नागपूर करणारा माणूस आणि रोज शेताच्या रस्त्यानं दूध घेऊन जाणारा माणूस यांचा आकडा एक असूच शकत नाही.

माझं स्वतःचं गणित असं. डांबरी रस्ता अन हायवेच जास्त असेल तर दर 5,000 किलोमीटरला उघडून नुसतं बघायचं. कच्चा रस्ता, रस्त्याचं काम चालू, क्रशरजवळून रोजचं जाणं, असं असेल तर 2,000-2,500 ला बघायचं. सोयाबीन काढणीच्या महिन्यात अन एप्रिल-मे मध्ये महिन्याला एकदा, किलोमीटर किती का झालेले असेनात. आणि बदलायचा 15 ते 20 हजाराच्या दरम्यान, वर्षात तेवढी पळाली नाही तरी दीड-दोन वर्षात. कंपनीचा आकडा नाही हा, माझा आहे. तुमचा फिल्टर काय म्हणतो त्यावर तुमचा ठरवा.

लक्षणं बघून बदलू म्हणाल तर लक्षणं लई उशिरा येतात. पिकअप कमी होणं, ओव्हरटेक करताना गाडी दबून गेल्यासारखी वाटणं, डिझेल असेल तर चढावर काळा धूर, टर्बोची (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याची) शिट्टी नेहमीपेक्षा वेगळी ऐकू येणं, ही ती लक्षणं. ॲव्हरेज पडतं असं सगळे सांगतात, गॅरेजवाले तर पहिलं वाक्य तेच टाकतात, पण इंजेक्शनच्या गाड्यात ते तितकं खरं नाही. हवा कमी आली की कॉम्प्युटर त्या हिशोबानं पेट्रोलही कमी सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनं 2009 मध्ये हे मोजलं होतं, नव्या गाड्यात चोंदलेल्या फिल्टरनं ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडला नाही, फरक पडला तो पिकअपमध्ये. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथं ॲव्हरेज पडतंच. तेव्हा फिल्टर बदलून दोन किलोमीटर ॲव्हरेज वाढेल या आशेवर बसू नका, नाही वाढलं की मला शिव्या द्याल.

काय काय लागतं

विशेष काही नाही. एक स्टारचा स्क्रू ड्रायव्हर, एक 10 नंबरचा पाना (निम्म्या गाड्यांना तोही लागत नाही), दोन स्वच्छ फडकी त्यातलं एक पांढरं पाहिजेच, मोबाईलचा टॉर्च, आणि एक जुना पेपर. मुंग्या, धूळ उडणारी जागा, वारं सुटलेलं, असलं टाळा. मी सकाळी लवकर करतो, इंजिन गार असतं अन वारंही नसतं.

गाडी बंद, चावी काढून खिशात. इंजिन गरम असेल तर अर्धा तास थांबा, डबा प्लास्टिकचाच असतो पण त्याच्या बाजूचं सगळं लोखंड चटके देतं.

डबा उघडणे

बोनेट उघडलं की एक जाड काळा पाईप दिसतो, मनगटापेक्षा जाड, रबरी, घड्या घड्याचा. तो एका बाजूला इंजिनकडं जातो, दुसऱ्या बाजूनं जिथं जाऊन लागतो तो काळा डबा म्हणजे एअर क्लीनरचा डबा. काही गाड्यात तो इंजिनच्या डोक्यावरच चपटा बसवलेला असतो. डब्याचे दोन भाग, खालचा अन वरचा, मध्ये फिल्टर. धुळीची हवा एका बाजूनं येते अन गाळलेली दुसऱ्या बाजूनं इंजिनला जाते. कुठली बाजू कुठली हे आधी ओळखून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. इंजिनकडं जाणारा पाईप ज्या भागाला लागलाय तो चांगला भाग. त्यात काही म्हणजे काही पडू द्यायचं नाही.

उघडायच्या आधी डब्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नवीन माणूस हे हमखास विसरतो, अन झाकण उचलताना वरची माती सरळ आत पडते.

मग क्लिपा. स्प्रिंगच्या पट्टीच्या असतात, अंगठ्यानं वरचं टोक बाहेर ओढलं की सुटतात, पण सुटताना सणकन उडतात, नखाला लागतं. काहीत क्लिपांऐवजी स्क्रू असतात. स्क्रू असेल तर पूर्ण बाहेर काढत बसू नका, बहुतेक ते झाकणालाच अडकून राहतात, सैल झाले की बास. एखादी क्लिप मागं बॅटरीकडं किंवा फायरवॉलकडं (इंजिन अन केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडं) लपलेली असते, झाकण उचलना गेलं की जोर लावू नका, हात फिरवून ती शोधा. प्लास्टिक दहा वर्षं उन्हानं अन इंजिनच्या धगीनं कडक झालेलं असतं, चटकन कान तुटतो.

काही गाड्यात झाकणाच्या पाईपवरच एक छोटा सेन्सर असतो, त्याला वायरिंगचा कप लावलेला असतो. झाकण थोडं वर उचलून फिल्टर निघत असेल तर त्याला हातच लावू नका. निघतच नसेल तर लॉक दाबून कप काढा, वायर धरून ओढू नका, आणि परत लावायला विसरू नका, नाहीतर चेक इंजिनचा पिवळा लाईट लागेल अन तुम्ही फिल्टरला दोष देत बसाल.

आता फिल्टर उचला. सरळ वर, हळू, हलवत-आपटत नाही. पेपरवर ठेवा.

भाच्याच्या गाडीचा असा काढला तेव्हा हातालाच जड लागला. मूळ रंग पांढरा का पिवळा ते कळायला मार्ग नव्हता, घड्यांच्या मधली जागाच दिसत नव्हती. पेपरवर हलकेच आपटला तर मूठभर पीठ पडलं, गव्हाच्या पिठासारखं मऊ, रंग तेवढा विटकरी. त्याच्यात सोयाबीनचं भुसकट, दोन वाळलेल्या मधमाश्या, लिंबाची चार पानं, आणि डब्याच्या तळाशी भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. टरफलं बघून भाचा म्हणला, मामा ही इथं कुठून आली. म्हणलं आधीच्या मालकाकडं उंदीर सुखात होता.

हसू नका, उंदराचं खरंच बघा. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ लागत असेल तर हिवाळ्यात उंदराला एवढी ऊबदार बंद जागा दुसरी मिळत नाही. तो पुढच्या तोंडाकडून येतो अन कागद कुरतडतो. कुरतडलेला फिल्टर हा फिल्टर नसतो.

बघायचं काय

मळका आहे हे बघायला शाळा लागत नाही. पण चार गोष्टी नीट बघा.

टॉर्च आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूनं लावा अन दुसऱ्या बाजूनं अंधारात बघा. निम्म्याच्या वर कागदातून मंद उजेड आरपार येत असेल तर फिल्टर अजून चालेल. काहीच येत नसेल तर संपला. आणि एखाद्या ठिकाणी टाचणीएवढा लख्ख ठिपका दिसला तर तिथं भोक आहे, तो फिल्टर मग बाकी कितीही चांगला दिसो, त्याच दिवशी बदला.

मग कडेचं रबर. दाबून बघा, मऊ पाहिजे, दाब सोडला की परत वर आलं पाहिजे. चपटं होऊन तसंच राहिलं, कडक झालं, कोपऱ्यात फाटलं, तर कागद कसाही असो, गेला.

तिसरं, कागद तेलकट काळा झालाय का. झाला असेल तर इंजिनची वाफ उलटी यायलीय किंवा ऑईल जास्त भरलंय, ते मेकॅनिकला दाखवा.

आणि चौथं, जे कुणीच करत नाही. पांढरं फडकं बोटाला गुंडाळा अन इंजिनकडं जाणाऱ्या पाईपच्या आतून फिरवा. फडकं पांढरंच राहिलं तर सगळं ठीक. थोडा तेलाचा ओशटपणा आला तरी चालतो, डिझेलला तर येतोच. पण धूळ आली, बोटाला कचकच लागली, तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत चाललीय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या गाडीची सर्व्हिसिंग एका ठिकाणी केली होती, घाईचा दिवस, पोरानं फिल्टर काढून हवा मारली, परत ठेवला, झाकण लावलं. गाडी एकदम मस्त चालत होती, पिकअप उलट वाढल्यासारखा वाटायला लागला, मी खूष. तीन महिन्यांनी चाचांकडं दुसऱ्याच कामाला गेलो तर त्यांनी सवयीनं झाकणावर हात ठेवला अन झाकण डुगडुगलं. मागची क्लिप लागलीच नव्हती, फिल्टरचं रबर एका कोपऱ्यात दुमडून बसलेलं, करंगळी जाईल एवढी फट. चाचांनी पाईपमध्ये बोट फिरवून माझ्यापुढं धरलं, बोट मुरमाच्या रंगाचं. "तीन महिने इंजिनला माती चारली तुम्ही," एवढंच बोलले. पिकअप कामून वाढला होता ते तेव्हा कळलं, हवा फिल्टरमधून जातच नव्हती! त्या वर्षापासून माझी गाडी तीन-चार हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल खायलीय.

म्हणून माझ्या हिशोबानं मळका फिल्टर परवडला, तो फार तर पिकअप खातो. नीट न बसलेला फिल्टर इंजिन खातो, आणि तो गाडी चालवताना कळतही नाही.

साफ करायचा का

इथं लोकांत भांडणं आहेत. फिल्टर बनवणारे म्हणतात कागदाचा फिल्टर साफ करूच नका, बदला. आपल्याकडं पंक्चरवाल्याकडं जाऊन फुस्सकन हवा मारून घ्यायची पद्धत. मी मधला.

एक गोष्ट आधी समजून घ्या. कागदावर पहिला धुळीचा पातळ थर बसला की तो थरच आणखी बारीक धूळ अडवायला लागतो, म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगलं गाळतो. दर आठवड्याला हवा मारणारा माणूस तो थर उडवतो अन प्रत्येक वेळी कागद थोडा विरळ करतो. माझ्या ओळखीत एकजण दर रविवारी हे करतो, गाडी पण धुतो, फिल्टर पण. काळजीनंच करतो बिचारा.

करायचंच असेल तर असं करा. आधी फिल्टर मळकी बाजू खाली करून धरायचा अन तळहातावर हलके टपटप. भिंतीवर, टायरवर आपटायचं नाही, फ्रेम वाकडी झाली की रबर बसत नाही. सैल धूळ यानंच पडते, बऱ्याचदा एवढंच पुरतं. हवा मारायची तर नेहमी स्वच्छ बाजूनं मळक्या बाजूकडं, म्हणजे धूळ आली त्याच वाटेनं परत जाईल. उलटं मारलं तर ती कागदात रुतून बसते. नोझल वीतभर लांब, घड्यांच्या रेषेत वर-खाली फिरवत, अन प्रेशर कमी, 30 पीएसआयच्या आसपास. पंक्चरवाल्याच्या टाकीत शंभराच्या पुढं असतं, त्याला सांगा जवळ नको, तो "काही होत नाही ओ भाऊ" म्हणेल, तरी सांगा. हवा मारून झाली की परत टॉर्च लावून भोक बघा. एका फिल्टरला असं दोनदा, फार तर तीनदा, पुढं नवीन.

पाण्यानं धुवायचा नाही. सर्फच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवलेला फिल्टर मी बघितलाय, दिसायला नवा कोरा, पण कागद फुगून वाकडा होतो अन घड्या एकमेकीला चिकटतात. काही मोटारसायकलींना फोमचा असतो तो धुवून तेल लावून वापरतात, त्यावरून लोकांचा घोळ होतो. आणि ते धुवून वापरायचे महागडे कापडी तेल लावलेले फिल्टर असतात, रेसिंगवाले सांगतात, ते आपल्या धुळीत मी तरी लावणार नाही, तेल जास्त झालं की उडून त्या पाईपमधल्या हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं.

नवीन आणताना

गाडीचं नाव, साल, पेट्रोल का डिझेल, हे तिन्ही सांगा. एकाच नावाच्या गाडीचे पेट्रोल-डिझेल फिल्टर वेगळे असतात. सगळ्यात सोपं म्हणजे जुना फिल्टर पिशवीत घालून दुकानात न्यायचा (गाडी तोवर उभी, फिल्टर काढून दुकानापर्यंत चालवत जाऊ नका, जाणारे असतात). नवा जुन्यावर ठेवून बघा, लांबी-रुंदी तर जुळलीच पाहिजे, रबराची जाडी अन उंचीही जुळली पाहिजे. कागदाच्या घड्या मोजा. लोकल मालात घड्या कमी असतात, तिथंच पैसे वाचवलेले असतात. रबर अन कागदाच्या जोडावर डिंक सगळीकडं सारखा लागलाय का ते नखानं बघा.

लहान गाड्यांचा चांगला फिल्टर साधारण 200 ते 500 रुपयात येतो, मोठ्या गाड्यांचा त्याच्यावर. कंपनीचा घ्या किंवा बॉश, प्युरोलेटर, इलोफिक असला नावाचा घ्या, दोन्ही चालतात. पन्नास-शंभर रुपयांसाठी बिननावाचा घेऊ नका. फिल्टरच्या बाबतीत दुकानदार ओळखीचा असलेला बरा, कारण खोकं ओरिजनल अन माल डुप्लिकेट असंही असतं.

बसवणे

फिल्टर बाहेर असताना डबा आतून साफ करा. खालच्या मळक्या भागातला कचरा हातानं उचला, मग ओलसर फडक्यानं पुसा. तळाला पाणी जायला छोटं भोक असतं ते मातीनं बुजलेलं असेल तर काडीनं मोकळं करा. चांगल्या बाजूला हवा मारायची नाही, फक्त पुसायची. अन रबर जिथं बसतं ती खाच कोरड्या फडक्यानं कोपऱ्यापर्यंत पुसा, वाळूचा एक खडा तिथं राहिला की तेवढी फट राहते. या कामात एखादा नट किंवा स्क्रू पाईपमध्ये पडला तर शोधून काढल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, टर्बोची गाडी असेल तर त्याच्या पात्या मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगात फिरतात अन त्या मोडायला एक वॉशर पुरतो.

फिल्टर उलटा बसू शकतो का, तर चौकोनी बहुतेक बसत नाही, पण काही बसतात. बाण असेल तर बाण हवेच्या दिशेनं म्हणजे इंजिनकडं. बाण नसेल तर जुना जसा होता तसा, म्हणून काढायच्या आधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवत जा. रबर चारी बाजूनं खाचेत बोटानं दाबत फिरवा, कोपरे दोनदा. मग झाकण. झाकणाला एका बाजूला दोन-तीन जिभा असतात, त्या आधी खालच्या डब्याच्या खाचांत घालायच्या, अन मग दुसरी बाजू खाली दाबायची. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. जिभा खाचेत न घालता वरून दाबलं तरी पुढच्या क्लिपा लागतात, झाकण बसल्यासारखं दिसतं, पण मागं फट. क्लिपा समोरासमोरच्या लावा, स्क्रू असतील तर थोडा हा थोडा तो असं, एकच पूर्ण आवळू नका. शेवटी झाकण दोन्ही हातानं धरून हलवा. डुगडुगलं तर उघडून परत.

पाईपचा क्लॅम्प सैल केला असेल तर तो आवळा, सेन्सरचा कप काढला असेल तर टक् आवाज येईपर्यंत लावा. गाडी चालू करून दोन मिनिटं ऐका, रेस दिल्यावर डब्याच्या कडेनं हवा ओढल्याचा बारीक सुं आवाज यायलाय का. कॉम्प्युटर रिसेट वगैरे काही करावं लागत नाही, कुणी त्याचे पैसे मागितले तर हात जोडा.

पावसाचं

डब्यात पाणी गेलं, फिल्टर ओला झाला, तर गाडी चालू करू नका. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं धाराशिव, बीडच्या भागात पाणी गावात घुसलं तेव्हा रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांना सकाळी लोकांनी स्टार्टर मारले. पाणी दबत नाही, हवा दबते. सिलेंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी डबा उघडायचा, फिल्टर भिजलाय का बघायचं, भिजला असेल तर गाडी टो करून गॅरेजला. नुसत्या रिपरिप पावसानं कड ओलसर झाली असेल तर सावलीत वाळवून चालतं, घाई असेल तर नवीन.

सीएनजी वाल्यांनी एवढं बघा, जुनं मिक्सरवालं (हवेच्या पाईपमध्येच गॅस मिसळणारं) किट असेल अन गाडी कधी पाईपमध्ये फट् करून उडाली असेल तर डबा उघडून फिल्टर फाटला का बघा, त्या धक्क्यानं झाकणाच्या क्लिपाही सुटतात.

सगळं झालं की मार्कर पेननं झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख अन किलोमीटर लिहा, अन पुढं हवा मारली की त्याच्याखाली एक रेघ. माझ्या झाकणात आता पाच तारखा आहेत. भाच्याच्या झाकणात एक तारीख अन खाली त्यानंच लिहिलंय, "एसीचा नाही".